विटांचे गॉथिक, मूळ पाठ आणि प्रती : ल्यूबेकच्या मारिएनकिर्शेचा इतिहास

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला 'मूळ पाठ' ही कल्पना जितकी अपरिहार्य वाटते, तितकीच ती अडचणीचीही असते. आपल्यापर्यंत पोहोचलेली संहिता बहुधा कोणाची तरी नक्कल असते, नक्कल करणाऱ्याच्या हातून काही गळलेले आणि काही वाढलेले असते आणि ज्या प्रतीवरून ती नक्कल झाली, ती प्रत बरेचदा नष्ट झालेली असते. हा प्रश्न केवळ हस्तलिखितांपुरता मर्यादित नाही. वास्तू, चित्र, संगीत आणि काव्य ही एकाच ठिकाणी शतकानुशतके नांदत असतील, तर त्या ठिकाणाच्या इतिहासातही मूळ कोणते आणि प्रत कोणती, दुरुस्ती कोठे संपते आणि बनावट कोठे सुरू होते, हे प्रश्न उभे राहतात. उत्तर जर्मनीतील ल्यूबेक या शहराच्या जुन्या गाभ्यात, बाजारचौक आणि नगरभवन यांना लागून उभे असलेले संत मेरीचे चर्च, म्हणजेच मारिएनकिर्शे, हे या प्रश्नांचे एक विलक्षण उदाहरण आहे. प्रस्तुत निबंधात या वास्तूचा इतिहास त्याच अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे.

१. दगडाच्या घाटाचे विटेतील रूपांतर

ल्यूबेकची स्थापना ११४३ मध्ये होल्स्टाइनचा सरदार दुसरा आडोल्फ याने केली आणि ११५९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री याने ती नव्याने केली. १२२६ मध्ये या शहराला सम्राटाकडून स्वायत्त नगराचा दर्जा मिळाला. म्हणजे मधल्या कोणत्याही सरदाराचे वा बिशपचे अधिपत्य न मानता थेट सम्राटाशी निष्ठा सांगण्याचा अधिकार मिळाला. पुढे हान्से या व्यापारी संघाचे ते प्रमुख शहर बनले. मीठ, मासळी, लोकर, कातडी, मेण आणि कापड यांच्या व्यापारातून येथील व्यापारी घराण्यांनी मोठी संपत्ती मिळविली.

शहराच्या दक्षिण टोकाला बिशपचे कॅथीड्रल होते. त्याची पायाभरणी हेन्रीने ११७३ मध्ये केली होती. बाजारपेठेच्या शेजारी, शहराच्या उंचवट्यावर उभे असलेले मारिएनकिर्शे मात्र नगरसभेचे, व्यापाऱ्यांचे चर्च होते. तेराव्या शतकाच्या मध्यापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, सुमारे शंभर वर्षांत, त्याने आजचे रूप धारण केले. त्याच्या मध्यदालनाची कमानदार छत जमिनीपासून ३८.५ मीटर उंच असून विटांनी बांधलेल्या अशा छतांत ती जगात सर्वांत उंच मानली जाते. पश्चिमेकडील दोन मनोरे जवळजवळ १२५ मीटरपर्यंत चढतात. बिशपच्या चर्चपेक्षा आपले चर्च उंच असावे, ही नगरसभेची आकांक्षा या उंचीतून स्पष्ट दिसते. यामागे धर्मभावना नव्हती असे नव्हे. पण सत्तेचे केंद्र कोठे आहे, हे समुद्रावरून येणाऱ्या जहाजांनाही दिसावे, ही इच्छा त्या भावनेत मिसळलेली होती.

गॉथिक शैली ही मूळची उत्तर फ्रान्समधील. तेथे चुनखडीचा मऊ, कोरण्याजोगा दगड विपुल होता. बाल्टिक किनाऱ्यावरील सपाट प्रदेशात दगडाच्या खाणी नव्हत्या; हिमयुगाने मागे ठेवलेले ग्रॅनाइटचे गोटे आणि भट्टीत भाजण्याजोगी चिकणमाती एवढेच साहित्य होते. त्यामुळे फ्रेंच कॅथीड्रलचा घाट, म्हणजे उंच मध्यदालन, कमी उंचीची बाजूची दालने, वेदीमागून फिरणारा मार्ग आणि त्याला लागून असलेली लहान प्रार्थनागृहे, हा सारा आराखडा ल्यूबेकच्या कारागिरांना विटेत उतरवावा लागला. दगडात संतांच्या मूर्ती, पानफुले, राक्षसमुखे कोरता येतात. साच्यातून निघणाऱ्या विटेत ती सोय नाही. म्हणून प्रवेशद्वारावरील मूर्तींची गर्दी येथे दिसत नाही. त्याऐवजी सपाट भिंती, खोल सावल्या, साच्यात घडविलेल्या विशेष आकाराच्या विटा आणि चकाकी दिलेल्या विटांचे पट्टे यांच्यावर भर पडला.

या बदलाला भाषांतर म्हणणे गैर ठरणार नाही. लक्ष्यभाषेत नसलेला अलंकार भाषांतरकाराला सोडावा लागतो आणि त्या भाषेच्या अंगच्या सामर्थ्यातून वेगळा परिणाम साधावा लागतो, तसेच येथे झाले. शिवाय हे भाषांतर पुढे स्वतःच मूळ बनले. ष्ट्रालझुंडचे संत निकोलसचे चर्च, रोस्टॉकचे मेरीचे चर्च, डोबेरानच्या मठाचे चर्च, विस्मार आणि रीगा येथील चर्च अशा बाल्टिक परिसरातील सुमारे सत्तर वास्तूंना ल्यूबेकच्या या चर्चने नमुना पुरविला, असे कलेतिहासकार मानतात. फ्रान्समधील दगडी कॅथीड्रल या प्रदेशातील बहुतेकांनी पाहिले नव्हते. त्यांच्या दृष्टीने गॉथिकचा मूळ पाठ ल्यूबेकमध्येच होता.

२. मृत्युनृत्य : चित्र, पद्य आणि दोन भाषा

साहित्याच्या अभ्यासकाला या चर्चमधील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथील 'मृत्युनृत्य'. पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा यांच्यापासून व्यापारी, शेतकरी, तरुणी आणि थेट पाळण्यातील मुलापर्यंत समाजाचे सगळे थर एका रांगेत उभे आहेत. प्रत्येक दोघांमध्ये एकेक सांगाडा त्यांचे हात धरून नाचतो आहे आणि प्रत्येक आकृतीखाली तिचा मृत्यूशी होणारा पद्यसंवाद लिहिलेला आहे. ही कल्पना पंधराव्या शतकात युरोपभर पसरली. पॅरिसच्या दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये रंगविलेले मृत्युनृत्य तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. ल्यूबेकमध्ये १३५० मध्ये प्लेगने थैमान घातले होते आणि त्यानंतरही साथी येतच राहिल्या. १४६३ मध्ये बेर्न्ट नोट्के या चित्रकाराने मारिएनकिर्शेतील एका प्रार्थनागृहाच्या भिंतींभोवती हे दृश्य कॅनव्हासच्या लांबलचक पट्टीवर रंगविले. नर्तकांच्या मागे ल्यूबेक शहर, त्याचे मनोरे आणि त्याची जहाजे दाखविलेली होती. मृत्यू कोठे तरी दूर नाचत नाही, तो आपल्याच वेशीत नाचतो आहे, हे पाहणाऱ्याला सांगण्याची ही रीत होती.

खालचे पद्य मध्ययुगीन निम्न जर्मन भाषेत होते. ही भाषा त्या काळी लंडनपासून नोव्हगोरोदपर्यंत हान्सेच्या व्यवहाराची भाषा होती. ल्यूबेकचा नगरकायदा अनेक शहरांनी स्वीकारला, तो याच भाषेतून. १४८९ मध्ये ल्यूबेकच्या छापखान्यात मृत्युनृत्याचे पुस्तक याच भाषेत छापले गेले. १४९४ मध्ये श्टेफेन आर्न्डेस याने छापलेले सचित्र बायबल आणि १४९८ मधील कोल्ह्याच्या कथेचे पद्यरूप ही या भाषेच्या वाङ्मयीन वैभवाची आणखी उदाहरणे होत.

१७०१ पर्यंत कॅनव्हास जीर्ण झाला होता. नगरसभेने आन्टोन वोर्टमान याच्याकडून त्याची नवी नक्कल करवून घेतली आणि जुने चित्र काढून टाकले. आकृती, पोशाख आणि रचना यांत वोर्टमानने मूळ चित्राचे अनुसरण केले. पद्य मात्र बदलले. दरम्यानच्या दोन शतकांत हान्सेचा ऱ्हास झाला होता, धर्मसुधारणेनंतर प्रवचन आणि शाळा यांची भाषा उच्च जर्मन झाली होती आणि निम्न जर्मन ही घरातली, बाजारातली बोली उरली होती. म्हणून नाथानाएल श्लोट याच्याकडून उच्च जर्मन भाषेत, बरोक अभिरुचीला साजेसे नवे पद्य लिहवून घेण्यात आले. चित्राची नक्कल झाली, काव्याचे मात्र पुनर्लेखन झाले. तेही एकाच भिंतीवर आणि एकाच वेळी. पंधराव्या शतकातील पोशाख घातलेल्या माणसांच्या तोंडी अठराव्या शतकाची भाषा आली.

जुने पद्य समूळ नष्ट झाले नाही, याचे श्रेय याच चर्चचे धर्मोपदेशक आणि इतिहासाचे व्यासंगी याकोब फॉन मेल्ले यांना जाते. चित्र काढण्यापूर्वी जेवढे वाचता आले, तेवढे त्यांनी उतरवून घेतले. काही कडवी तेव्हाच पुसली गेली होती. त्यामुळे त्यांचे टिपण अपुरे आहे. तथापि निम्न जर्मन पाठाचा अभ्यास आज प्रामुख्याने याच टिपणाच्या आधारे होतो. भाषेचे सामाजिक स्थान ढासळले की तिच्यातील वाङ्मय कोणी मुद्दाम जाळावे लागत नाही. 'आता हे कोणाला कळते?' एवढा विचारही त्यासाठी पुरेसा होतो. फॉन मेल्ले यांनी मात्र नवे पद्य योग्य की अयोग्य या वादात न शिरता, जाणाऱ्या पाठाची नोंद ठेवली.

१९४२ मध्ये वोर्टमानची नक्कलही जळून गेली. विल्हेल्म कास्टेली या छायाचित्रकाराने टिपलेली तिची कृष्णधवल छायाचित्रे तेवढी उरली. नोट्केच्या हातचा म्हणून ओळखला जाणारा मृत्युनृत्याचा एक रंगीत तुकडा मात्र आज पाहता येतो, पण ल्यूबेकमध्ये नव्हे. एस्टोनियातील टालिन, म्हणजे हान्सेच्या काळातील रेव्हाल, येथील संत निकोलसच्या चर्चमध्ये सुमारे साडेसात मीटर लांबीचा तो तुकडा आहे. पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल आणि राजा एवढेच त्यात उरले आहेत. त्यांच्याखाली निम्न जर्मन पद्यही आहे. केंद्रातील पाठ जळाला आणि दूरच्या बंदरातील पाठ टिकला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा अनुभव नवीन नाही. मध्यवर्ती संस्थेत ग्रंथाचे सतत 'अद्ययावतीकरण' होत राहते, तर सीमेवरच्या मठात जुनी प्रत तशीच पडून राहते.

३. संगीताचा पाठ

हीच गोष्ट चर्चमधील संगीताबाबतही घडली. फ्रान्झ टुंडर आणि त्याच्यानंतर १६६८ पासून १७०७ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत डिट्रिख बुक्स्टेहूडे हे येथे ऑर्गनवादक होते. नाताळपूर्वीच्या काळात सायंकाळी, उपासनेच्या बाहेर, व्यापाऱ्यांच्या आर्थिक साहाय्याने संगीतसभा भरविण्याची प्रथा टुंडरने सुरू केली आणि बुक्स्टेहूडेने तिला कीर्ती मिळवून दिली. १७०३ मध्ये हान्डेल आणि माथेसॉन हे दोघे ल्यूबेकला येऊन गेले. १७०५ च्या शरदात वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर चालत आला. चार आठवड्यांची रजा घेऊन निघालेला बाख जवळजवळ चार महिने परतला नाही आणि त्याबद्दल त्याला वरिष्ठांचा जाब द्यावा लागला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात बुक्स्टेहूडेने दोन भव्य संगीतरचना सादर केल्या. एक सम्राट लिओपोल्डच्या निधनानिमित्त आणि दुसरी नवा सम्राट योसेफ याच्या राज्यारोहणानिमित्त होती. या दोन्हींची छापील पद्यपुस्तिका उपलब्ध आहे. संगीत मात्र हरवले आहे. ज्याचे शब्द राहिले आणि स्वर गेले, असा हा पाठ आहे. उलट बुक्स्टेहूडेच्या ज्या गायनरचना आज जगभर गायिल्या जातात, त्यांतील बहुतेक टिकल्या त्या स्वीडनच्या राजदरबारातील संगीतप्रमुख गुस्टाफ ड्यूबेन याने मागवून, उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. ड्यूबेनचा हा संग्रह पुढे उप्साला विद्यापीठाकडे गेला. म्हणजे ल्यूबेकचे चित्र एस्टोनियात आणि संगीत स्वीडनमध्ये टिकले. ज्या सागरी व्यापारमार्गांनी मारिएनकिर्शेचा घाट बाल्टिक किनाऱ्यावर पोहोचला, त्याच मार्गांनी त्याच्या आतले वाङ्मय आणि संगीतही बाहेर पडले होते. ते बाहेर पडले नसते, तर त्यांतले फारच थोडे आज हाती लागले असते.

४. १९४२ आणि थॉमस मानचा आवाज

२८ आणि २९ मार्च १९४२ च्या मधल्या रात्री ब्रिटिश वायुदलाच्या २३४ विमानांनी ल्यूबेकवर हल्ला केला. तो झावळ्यांचा रविवार होता. दाट वस्तीची, लाकडी वाशांची जुनी घरे सहज पेट घेतील, हे गृहीत धरूनच लक्ष्याची निवड झाली होती. सुमारे ३२० माणसे मृत्युमुखी पडली. कॅथीड्रल, संत पीटरचे चर्च आणि मारिएनकिर्शे ही तिन्ही जळाली. मारिएनकिर्शेचे छप्पर आणि मनोऱ्यांची टोके कोसळली. दोन्ही ऑर्गन, मृत्युनृत्य, सोळाव्या शतकातील खगोलीय घड्याळ आणि नोट्केचेच 'ग्रेगरीची प्रार्थना' हे चित्र नष्ट झाले. दक्षिण मनोऱ्यातील प्रचंड घंटा खाली कोसळून फरशीत रुतल्या आणि अर्धवट वितळल्या.

या चर्चच्या उत्तरेच्या दारासमोर मेंगश्ट्रासे या गल्लीत थॉमस मानच्या आजोबांचे घर होते. १८७५ मध्ये जन्मलेल्या मानचा बाप्तिस्मा मारिएनकिर्शेतच झाला होता. 'बुडनब्रोक्स' या १९०१ मधील कादंबरीत शहराचे नाव कोठेही घेतलेले नाही; पण घर, गल्ली आणि घंटा ओळखू येतात. या व्यापारी घराण्यातील शेवटचा मुलगा हानो याला संगीताची गोडी लागते आणि त्याला शिकविणारा प्फ्यूल हा मारिएनकिर्शेचाच ऑर्गनवादक आहे. तीन पिढ्या व्यापार करणारे घराणे ज्या चर्चला देणग्या देत आले, त्याच चर्चच्या संगीतातून व्यापाराला पारखा झालेला वारस निर्माण होतो, ही कादंबरीतील एक मर्मभेदक गोष्ट आहे.

१९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत निर्वासित असलेल्या मानने बीबीसीवरून जर्मन श्रोत्यांशी बोलताना ल्यूबेकच्या विध्वंसाचा उल्लेख केला. आपल्या जन्मगावाविषयी वाटणारे दुःख त्याने लपविले नाही; पण त्याच वेळी कॉव्हेन्ट्रीची आठवण करून दिली आणि केलेल्याची किंमत चुकवावीच लागते, या तत्त्वाला आपला आक्षेप नाही, असे सांगितले. ल्यूबेकमधील अनेकांनी त्याला हे पुढे बराच काळ क्षमा केले नाही. पुढे १९४५ मध्ये वॉशिंग्टन येथील व्याख्यानात ल्यूबेकच्या हवेत मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील काही अस्वस्थ, भारलेले असे उरले असल्याचे निरीक्षण त्याने मांडले आणि जर्मनीच्या विनाशाचे मूळ बाहेर न शोधता त्याच परंपरेत शोधले. जळालेल्या वास्तूबद्दल शोक करताना तिच्या वारशाची जबाबदारी टाळता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. मेंगश्ट्रासेतील त्या घराचा दर्शनी भाग तेवढा वाचला. १९९३ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. म्हणजे कादंबरीच्या वाचकाला 'मूळ' म्हणून दाखविले जाणारे घरही दर्शनी भिंतीपुरतेच मूळ आहे.

५. पुनर्बांधणी आणि बनावट

आगीने आणखी एक अनपेक्षित गोष्ट केली. प्रचंड उष्णतेने भिंतींवरचे चुन्याचे थर गळून पडले आणि त्यांच्याखालची मध्ययुगीन रंगीत चित्रे दिसू लागली. विटांच्या गॉथिक चर्चची आतली बाजू मुळात उघड्या विटांची नव्हती, ती रंगविलेली होती, हे त्यामुळे सर्वांच्या दृष्टीस पडले. १९४७ मध्ये पुनर्बांधणी सुरू झाली आणि १९५९ पर्यंत ती बहुतांशी पूर्ण झाली. बरोक काळातील लाकडी सजावट आणि स्मारकफलक यांतील बरेच काही परत आले नाही. परिणामी आजचे मारिएनकिर्शे १९४१ मधल्या मारिएनकिर्शेपेक्षा अधिक 'मध्ययुगीन' दिसते. मध्ययुगाचे हे दर्शन विसाव्या शतकातील बॉम्बवर्षावाने घडविलेले आहे, ही जाणीव पाहणाऱ्याने ठेवणे आवश्यक आहे.

भित्तिचित्रांच्या जतनाचे काम १९४८ मध्ये डिट्रिख फाय याच्याकडे सोपविण्यात आले. प्रत्यक्ष मचाणावर काम करणारा चित्रकार होता लोथार माल्स्काट. २ सप्टेंबर १९५१ रोजी चर्चचा सातशेवा वर्धापनदिन साजरा झाला, तेव्हा चान्सलर आडेनाउअर उपस्थित होते. पश्चिम जर्मनीच्या डाक विभागाने या निमित्ताने दोन तिकिटे काढली. वेदीकडील भागातील वरच्या भिंतीवर एकवीस संतांच्या भव्य आकृती झळकत होत्या आणि तज्ज्ञांनी त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. पराभूत, भग्न आणि अपराधाच्या ओझ्याखाली वाकलेल्या देशाला राखेतून निष्कलंक मध्ययुग परत मिळाल्यासारखे वाटले.

१९५२ मध्ये माल्स्काटने स्वतःच जाहीर केले की, वेदीकडील त्या आकृती आपण रंगविल्या आहेत. तेथे मूळचे फारसे काही उरलेलेच नव्हते. फायला मान मिळाला आणि आपण अंधारात राहिलो, हा सल या कबुलीमागे होता. सुरुवातीला कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण त्याला खरे मानणे म्हणजे तज्ज्ञांनी आपली चूक मान्य करणे होते. अखेर तपासणी झाली, खटला चालला आणि जानेवारी १९५५ मध्ये फायला वीस महिन्यांची, तर माल्स्काटला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वेदीकडील आकृती पुसून टाकण्यात आल्या. मध्यदालनात मात्र खऱ्या जुन्या अवशेषांवर रंगकाम झालेले असल्याने मूळ आणि भर यांची तेथील गुंतागुंत कायम राहिली.

ग्युंटर ग्रासने १९८६ मधील 'उंदरीण' या कादंबरीत माल्स्काटला एक पात्र म्हणून आणले आणि त्याच्या शेजारी पश्चिमेचा आडेनाउअर आणि पूर्वेचा उलब्रिख्ट यांना बसविले. दोन्ही जर्मन राज्यांनी आपापल्या भूतकाळावर सोयीची चित्रे रंगविली, आणि तिघांपैकी एकानेच आपले काम बनावट असल्याचे कबूल केले, असा तो उपरोध होता. ग्रास स्वतः दान्झिगचा. त्याच्या बालपणीच्या शहरातही विटांचे एक प्रचंड मेरीचे चर्च आहे. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच तो कोलकात्यात येऊन राहिला आणि त्या वास्तव्यावरचे त्याचे पुस्तक १९८८ मध्ये आले. पुढे तो ल्यूबेकच्या परिसरातच स्थायिक झाला. युद्धानंतर दान्झिगमधून विस्थापित झालेले अनेक लोक ल्यूबेकला आले होते. दान्झिगच्या संत कॅथरीनच्या चर्चमधील घंटा नाझी राजवटीने वितळविण्यासाठी काढून नेल्या होत्या; त्यांतील वाचलेल्या घंटा आज मारिएनकिर्शेच्या दक्षिण मनोऱ्यात वाजतात. या घंटांच्या बाबतीत 'मूळ स्थान' कोणते, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

६. प्रत, पुनर्रचना, बनावट

या इतिहासात प्रतिकृतीचे निदान चार प्रकार आढळतात. ल्यूबेकच्या कारागिरांनी फ्रेंच घाट विटेत उतरविला, ते रूपांतर होते. वोर्टमानने जीर्ण चित्राची नक्कल केली आणि श्लोटने पद्य नव्याने लिहिले, तो एक प्रकारचा जीर्णोद्धार होता. १९५५-५६ मध्ये आल्फ्रेड माहलाऊ याने त्याच प्रार्थनागृहाच्या खिडक्यांसाठी जळालेल्या मृत्युनृत्यावरून रंगीत काचांचे नवे आराखडे केले. ती स्मृतीतून झालेली नवनिर्मिती होय. माल्स्काटने केले ते बनावट ठरले.

या चारही कृतींत जुने गेले आणि त्या जागी नवे आले. त्यामुळे केवळ वस्तूकडे पाहून त्यांच्यातील भेद सांगता येत नाही. वोर्टमानच्या नकलेत नोट्केच्या हातचे काहीच नव्हते. मध्यदालनातील माल्स्काटच्या रंगाखाली तर चौदाव्या शतकातील खऱ्या रेषा आहेत. मूळ द्रव्य किती शिल्लक आहे, या कसोटीवर माल्स्काटचे मध्यदालन वोर्टमानच्या चित्रापेक्षा अधिक 'अस्सल' ठरेल. तरीही आपण वोर्टमानला फसवा म्हणत नाही, कारण त्याची नक्कल ही नक्कल म्हणूनच नोंदविलेली होती आणि फॉन मेल्लेंच्या टिपणामुळे ती मूळाशी ताडून पाहता येत होती. माल्स्काट आणि फाय यांनी ताडून पाहण्याची ही शक्यताच नाहीशी केली. भर घालणे हा त्यांचा मुख्य अपराध नव्हता. कोठे भर घातली, याची खूण पुसणे हा होता. संपादित संहितेत संपादकाने सुचविलेला शब्द कंसात द्यावा, हा साधा नियम आपण पाळतो, त्यामागेही हीच नीती आहे.

मानने १९४० मध्ये वेताळकथेवरून, हाइन्रिख त्सिमर या भारतविद्यावंताच्या आधाराने, शिरांची अदलाबदल झालेल्या दोन मित्रांची कथा लिहिली. तिच्या आधारे गिरीश कार्नाडांनी १९७१ मध्ये 'हयवदन' हे नाटक लिहिले आणि विजया मेहतांच्या प्रयोगामुळे ते मराठी रंगभूमीलाही परिचित झाले. अवयव बदलल्यावर माणूस कोणता उरतो, हा त्या कथेतील प्रश्न आहे. संस्कृत कथेत वेताळाला त्याचे स्पष्ट उत्तर मिळते. मान आणि कार्नाड ते उत्तर पुरेसे मानत नाहीत. छप्पर, मनोऱ्यांची टोके, ऑर्गन, घड्याळ आणि घंटा बदललेल्या चर्चबाबतही एकच अवयव निवडून 'हेच मूळ' असे म्हणता येत नाही. आपल्याला करता येते ते एवढेच की, कोणता अवयव केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलला, याचा हिशेब उघडा ठेवावा.

मारिएनकिर्शेत असा हिशेब एका जागी विशेष प्रामाणिकपणे मांडलेला आहे. दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी १९४२ च्या त्या रात्री पडलेल्या घंटा जशा पडल्या तशाच, फुटक्या आणि वितळलेल्या अवस्थेत ठेवल्या आहेत. त्या पुन्हा ओतल्या नाहीत, जोडल्या नाहीत, संग्रहालयातही हलविल्या नाहीत. कॉव्हेन्ट्रीच्या उद्ध्वस्त कॅथीड्रलमधील खिळ्यांपासून घडविलेल्या क्रॉसच्या परंपरेतील एक क्रॉसही येथे आहे. त्यामुळे ल्यूबेकची हानी दाखविताना ल्यूबेकच्या बाजूने झालेल्या हानीची नोंदही त्याच ठिकाणी राहते. १९८७ मध्ये ल्यूबेकच्या जुन्या शहराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या वारशात अखंड उरलेल्या गोष्टींबरोबर नकला, पुनर्रचना आणि पुसलेल्या भिंतीही येतात. त्यांचा अभ्यास वास्तुशास्त्राइतकाच पाठचिकित्सेचा आणि भाषांतरविचाराचा विषय आहे, एवढे या विवेचनावरून म्हणता येईल.